करून पाहा, बदलून घ्या

आमच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गाला खिडकी नव्हती. ती खोली मुळात वर्गासाठी बांधलेलीच नव्हती. हिंगणघाटपासून अकरा किलोमीटरवरच्या आमच्या गावात कापसातली सरकी काढायची एक जुनी जिनिंग होती. ती बंद पडल्यावर तिच्या आवारात शाळा सुरू झाली आणि कापसाचं गोदाम आठवीच्या वाट्याला आलं. कापसाला वारा नको आणि ठिणगीही नको, म्हणून भिंतींत खिडक्याच ठेवल्या नव्हत्या. वर, छताला लागून, जाळी बसवलेले तीन झरोके तेवढे होते. दार आपोआप मिटायचं, म्हणून त्याला वीट लावून ठेवावी लागे.

चाफले मॅडम त्या खोलीत इंग्रजी शिकवायच्या. आठवीच्या पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांना चिकटून बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "इथं पहिले कापूस राहे. त्याले वरून दाबत होते. तुम्हाले कोणी दाबून नाई राह्यलं. पसरून बसा."

मॅडमबद्दल लिहावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. मी आता वर्ध्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, त्यामुळे लिहिलेलं दाखवायला घरी कोणी नाही. शिवाय मॅडमना त्यांचं नाव कुठे छापून आलेलं आवडत नाही. पण त्यांचं नाव कुठेच आलं नाही, यातूनच पुढचं सगळं घडलं. म्हणून भीत भीत लिहिते आहे.

त्या हिंगणघाटहून स्कूटीवर यायच्या. बुटक्या, चालायला झपाझप. बांगडीत नेहमी दोन-तीन पिना अडकवलेल्या. पर्समध्ये पावडर-कंगवा नसायचा, स्केचपेनांचा डबा असायचा. त्यांचं इंग्रजी अगदी नीट होतं, पण चाल आमच्याच बोलण्याची. इंग्रजी वाक्यसुद्धा शेवटाला थोडं लांबवायच्या, जसं आम्ही होकाराचं "हाओ" लांबवतो. कुणाचं उत्तर चुकलं तर त्या "चूक" म्हणत नसत. "शिजलं नाई अजून," म्हणायच्या, आणि ज्याचं शिजलं नसेल त्याच्याकडे तासाच्या शेवटी परत यायच्या. विसरायच्या नाहीत.

दारात उभं राहून आत येण्याची परवानगी मागितलेली त्यांना खपत नसे. "ये नं. दारात उभी राहून काऊन विचारतं? वारा अडते." खोलीत वारा येण्याची तीच एक जागा होती. बाकीच्या वर्गांत आम्ही "मे आय कम इन" म्हणायला शिकलो, मॅडमच्या वर्गात धावत आत शिरायला शिकलो.

सोमवारी प्रत्येकानं घरून एक वाक्य आणायचं. पुस्तकातलं चालत नसे. घरात, शेतात, दुकानात कुणीतरी खरंच बोललेलं वाक्य, आपल्याच भाषेतलं. मग रोज त्यातलं एक वाक्य निवडून सगळा वर्ग मिळून त्याचं इंग्रजी करायचा.

माझी पाळी आली तेव्हा थंडी पडायला लागली होती. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. आई सकाळी तोडायला जाते आणि मग हिंगणघाटच्या बाजारात बसते. त्या सकाळी टोपलीचा तळसुद्धा झाकला गेला नाही, तेव्हा ती म्हणाली होती, "आज भेंडी रुसली वो पोरी." मी तेच वाक्य नेलं. वर्गात सांगताना मला लाजच वाटली. कोणाच्या बापानं ट्रॅक्टरबद्दल सांगितलेलं होतं, कोणी टीव्हीवरच्या बातमीचं आणलं होतं, आणि माझी भेंडी.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं. "रुसली म्हणजे काय म्हणान?"

"अँग्री," मागून कोणीतरी म्हणालं.

"अँग्री म्हणजे राग. रागावली असती तं तिनं काटे मारले असते. रुसणं वेगळं असते. तुही बहीण रुसली तं काय करते?"

"बोलत नाई मॅडम."

"मंग तेच म्हण नं."

दहा-पंधरा मिनिटं खोडाखोड चालली. शेवटी फळ्यावर वाक्य उभं राहिलं : द भेंडी इज नॉट टॉकिंग टू अस टुडे. तेवढ्यात एका हुशार मुलीनं हात वर केला. "मॅडम, भेंडीले इंग्रजीत लेडीज फिंगर म्हणते नं?"

"म्हणते. पण शीतलची माय सकाळी काय तोडाले जाते?"

"भेंडी."

"मंग ठेव तशीच. एक शब्द आपला राह्यला तं इंग्रजीचं काही बिघडत नाई."

मॅडमनी त्या वाक्यावर एक पान तयार केलं. कोऱ्या कागदावर, हातानं. तोंड मिटून उभं असलेलं भेंडीचं झाड, टोपली घेतलेली बाई, पाच वाक्यांची छोटी गोष्ट, खाली तीन प्रश्न, आणि आपल्या घरातलं वाक्य लिहायला एक रिकामी चौकट. तळाला नेहमीचे शब्द : करून पाहा, बदलून घ्या.

असं पान त्या रोज करायच्या. पावणेअकराच्या सुमारास मधल्या झरोक्यातलं ऊन तिसऱ्या बाकावर पडायचं. त्या बाकावरच्या मुली न सांगता दप्तरं उचलायच्या. मॅडम पान उन्हात ठेवायच्या, फोननं फोटो काढायच्या आणि इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायच्या. मग कागदाच्या मागे त्या पोराचं नाव आणि तारीख लिहून तो त्याच्याच हातात द्यायच्या. "तुहं वाक्य, तुहं पान. घरी ने."

आईनं माझं पान उलटसुलट पाहिलं. "काय लिहिलं हे?"

"तूच बोलली ते."

"मी कवा इंग्रजी बोलली?" ती म्हणाली. पण कणकेची खळ करून तिनं ते चुलीसमोरच्या भिंतीला लावलं, धूर लागणार नाही अशा उंचीवर. तसं आमच्या गावात पुष्कळ घरांत मॅडमचं एखादं पान भिंतीवर होतं.

त्या ग्रुपबद्दल सांगायला हवं. वर्ध्याला कधीतरी एका प्रशिक्षणात जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बारा शिक्षकांनी एकमेकांचे नंबर घेतले होते. आपण केलेलं एकमेकांना द्यायचं, अडलं तर विचारायचं, एवढाच बेत. बाराचे शंभर झाले, मग ग्रुप भरला, मग दुसरा काढावा लागला. राज्यातल्या कुठल्या कुठल्या शाळांतले शिक्षक त्यात आले. सुरुवातीला सगळेच काही ना काही टाकायचे. हळूहळू टाकणाऱ्या एकट्या मॅडम उरल्या आणि बाकीचे घेणारे झाले. पान यायला उशीर झाला की हात जोडलेल्या चित्रासकट विचारणा यायची, "मॅडम, आजचं पान?"

मॅडमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हाची गोष्ट त्यांनीच सांगितली होती. दुपारपर्यंत पान गेलं नाही, तर तीसएक जणांनी विचारलं. एकानं लिहिलं, आमच्याकडे उद्या तपासणी आहे, कृपया सहकार्य करावे. मॅडमनी दवाखान्याच्या बाकावर, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर पान काढून पाठवलं. आम्हाला सांगताना त्या हसत होत्या, पण हसणं लवकर थांबलं. "पहिले मी पान काढत होती," त्या म्हणाल्या. "आता पान मले काढते."

"मंग बंद करून टाका नं मॅडम," मी म्हणाले होते. मी वर्गात फार बोलत नसे. ते कसं बोलले, मलाच कळलं नाही.

"कसं बंद करू? कोठीतरी एखादी नवी मास्तरीण पोराईसमोर उभी असन अन् हातात काहीच नसन. तिच्या तोंडावर दार लावू का?"

त्यांनी पानावर कधी आपलं नाव टाकलं नाही, शाळेचंही नाही. मुख्याध्यापक म्हणायचे, मॅडम, शाळेचं नाव तरी टाका, आमचीही जरा शान. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "नाव टाकलं का लोक दुरुस्त कराले भेतात, सर." पानात ज्याला जे खटकेल ते त्यानं बदलावं, आपल्या गावची नदी घालावी, आपला बाजार घालावा, असं त्यांना खरंच वाटायचं. पण बदलत कोणी नव्हतं. एकदा समुद्रकाठच्या एका शाळेतल्या सरांनी मुलांच्या वह्यांचे फोटो मोठ्या कौतुकानं पाठवले. प्रत्येक वहीत पोरांनी लिहिलं होतं, आमच्या गावची नदी वेणा. वेणा आमची, हिंगणघाटची. मॅडमनी तो फोटो वर्गात फिरवला. आम्ही पोट धरून हसलो, त्याही हसल्या. मग फोन परत घेऊन त्यांनी बोटांनी तो फोटो मोठा केला. "समुद्र हाय त्याहिच्यापाशी," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा समुद्र हाय, अन् लिहून राह्यले वेणा."

एकटी बदलायची ती वैशाली. गडचिरोलीकडच्या एका लहान गावातल्या शाळेत ती तेव्हा तात्पुरती लागली होती, रीतसर नेमणूक पुढे दोन-एक वर्षांनी मिळाली. मॅडमनी तिला पाहिलेलं नव्हतं, पण आमच्या वर्गाला तिचा आवाज पाठ होता. मॅडम फोनवर बोलतानाही चित्र काढत असत, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. मधल्या सुट्टीत तिचा फोन यायचा. "ताई, हा शब्द कसा म्हणायचा?" मॅडम म्हणून दाखवायच्या, ती म्हणायची, मॅडम म्हणायच्या, "शिजलं नाई अजून." ती परत म्हणायची. डबे खाता खाता आम्हीही म्हणायचो. कधी ती सांगायची, "ताई, तुमच्या पानात संत्रं होतं, मी आमच्या जंगलातलं टेंभरं टाकलं." त्या दिवशी मॅडम खूश असायच्या. "शंभरात एक असली तरी पुरते," म्हणायच्या.

मॅडमना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी लपवून ठेवली नव्हती. आमची संस्था लहान. तिची एवढी एकच शाळा, त्यामुळे बदलीचा प्रश्नच नव्हता. "ज्या खोलीत हजर झाली त्याच खोलीतून रिटायर होईन," त्या म्हणायच्या. मी नववीत गेले, दहावी झाले, हिंगणघाटला बारावी केली. मॅडम तिथेच होत्या. त्या खोलीत त्यांची अठरा वर्षं झाली होती. मी बी.ए.ला प्रवेश घेतला त्या पावसाळ्यात एका दाखल्यासाठी शाळेत गेले, तेव्हा त्यांनी मला तिसऱ्या बाकावर बसवून सांगितलं. इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवायला शिक्षण खातं प्रशिक्षक निवडणार होतं. निवड झाली तर तीन वर्षं शाळेतून सुटका आणि जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन शिकवणं. त्यासाठी स्वतः केलेलं साहित्य ऑनलाइन भरायचं होतं, आणि साहित्य तर त्यांच्याकडे ढीगभर.

"मोठे मोठे हॉल राहतात म्हणते तिथं," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूनं खिडक्या. मी खिडकीपाशी उभी राहून शिकवीन. नुसती उभी राहीन पहिले पाच मिन्टं."

त्यांना इतकं मोकळं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात वैशालीचा फोन आला. तिलाही तिथे एक पान भरायचं होतं, निवडीसाठी नव्हे, सगळ्याच नव्या शिक्षकांना ते सक्तीचं होतं. शेवटची तारीख जवळ आली होती आणि तिच्याकडे नेटवर्क चार-चार दिवस गायब.

"ताई, तुमचं भेंडीचं पान घेऊ का?"

"घे नं. विचारतं काय? माहं नाव हाय का त्याच्यावर?" मॅडम चित्रात रंग भरत होत्या. "पण भेंडी बदलजो. तुह्याकडचं मोहाचं झाड टाक, काही टाक. भेंडी ठेवू नोको."

"बदलते ताई."

मॅडमनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. "पाह्य, तुही माय गडचिरोलीले पोचली."

नंतर काय झालं, ते मी दिवाळीनंतर, शाळा पुन्हा सुरू झाल्यावर, घरी आले तेव्हा कळलं. घरात शिरले आणि पाहिलं तर आई सुरीनं भिंतीवरचं पान अलगद सोडवत होती. शाळेतून निरोप आला होता, ज्यांच्या घरी चाफले मॅडमचं पान असेल त्यांनी आणून द्यावं. का, ते तिला माहीत नव्हतं. "मॅडमवर काही आलं म्हणते," एवढंच ती म्हणाली. पान एका कोपऱ्यात फाटलं. ते वहीत ठेवून मी शाळेत गेले.

मधली सुट्टी होती, पोरं बाहेर होती; मुख्याध्यापक आणि मॅडम आठवीच्या खोलीतच होते. टेबलावर पानांची चळत होती. काहींना चुन्याचे पोपडे चिकटलेले, काही तेलकट, एकावर मसाल्याच्या डब्याचा गोल ठसा. सरांनी मला पाहिलं आणि पान घेऊन आधी पाठ तपासली. माझं नाव आणि तारीख वाचून त्यांचा चेहरा खुलला. "हे घ्या मॅडम. हेच पाहिजे होतं."

मॅडमनी भेंडीचं पान निवडीसाठी भरलं होतं. त्यांच्या फोनात जागा उरत नसे म्हणून त्या जुने फोटो काढून टाकायच्या, आणि मूळ कागद तर आमच्या भिंतीवर. म्हणून त्यांनी ते पान ग्रुपवरूनच परत उतरवून घेतलं आणि भरलं. त्यांना खात्री होती की वैशालीच्या पानात मोह असेल. पण वैशालीकडे शेवटच्या दिवशी जेमतेम दहा मिनिटं नेटवर्क आलं आणि तिनं होतं तसंच पान पाठवून दिलं. तिच्यामागून ग्रुपमधल्या आणखी कितीतरी जणांनी तेच पान, तीच भेंडी, आपापल्या नावानं भरली होती. मॅडमचा अर्ज सगळ्यांत शेवटी गेला. पत्र आलं होतं की सदर साहित्य आधीच वैशालीच्या नावे नोंदलेलं असून आपण त्याची नक्कल सादर केल्याचं दिसतं, तरी आठ दिवसांत खुलासा सादर करावा.

"खुलाशात फक्त एवढंच लिहा की मूळ पान माझं आहे," सर म्हणाले. "सोबत हे सगळे कागद जोडू. तारखा आहेत, पोरांची नावं आहेत. मी शिक्का मारतो. झालं काम."

मॅडमनी फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर, पण या वेळी हातात पेन नव्हतं.

वैशालीनं पहिल्याच रिंगला उचलला. तिलाही पत्र माहीत झालं होतं. "ताई, मी साहेबांना सांगते. माझी चूक आहे. मी लिहून देते."

"तुही तीन वर्षं कवा पुरी होतात?"

नव्या शिक्षकाला तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात, मगच त्याला कायम करतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरांच्या चेहऱ्यावरून समजलं.

"पुढच्या महिन्यात, ताई. फाइल गेली आहे."

"मंग काही लिहू नोको."

"पण ताई, तुमची निवड..."

"मीच म्हणलं होतं नं, घे म्हणून? तोंड बंद ठेव अन् वर्गात जा. पोरं वाट पाहून राह्यले असतीन."

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तिनं बदलायला पाहिजे होतं. तुम्ही सांगितलं होतं तिला."

"नाई बदललं. दहा मिन्टात काय काय करन ते?"

"मग निदान बाकीच्यांची नावं तरी..."

"त्याहिच्याबी फायली असतीन, सर."

मला वाटत होतं, आपण काहीतरी बोलावं. हे पान माझ्या आईच्या तोंडून निघालं, माझ्यासमोर या बाकावर झालं, हे सांगणारी मी तिथे जिवंत उभी होते. पण अशा वेळी मला बोलता येत नाही. मी बाकाची कड धरून उभी राहिले. मॅडमनी कागद ओढला आणि खुलासा लिहिला. दोनच ओळी होत्या. सदर पान मी शिक्षकांच्या ग्रुपवरून घेतले होते. त्यात बदल करायचा राहून गेला.

सरांनी तो दोनदा वाचला. "हे खोटं आहे मॅडम."

"खोटं कुठी हाय? ग्रुपवरूनच तं घेतलं. माह्या फोनात होतं का ते?" मग त्यांनी स्केचपेनांच्या डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, म्हणून परत काढून परत लावलं. "शिक्का मारा, सर."

मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. "दारात उभी नोको राहू वो शीतल, वारा अडते." मी दारात थांबले आहे, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

निवड अर्थातच झाली नाही. मॅडमच्या नावासमोर नक्कल असा शेरा राहिला. वैशाली कायम झाली. पुढे तिलाच प्रशिक्षक म्हणून बोलावलं, कारण सगळ्यांनी ज्याची नक्कल केली ते मूळ पान कागदोपत्री तिचं होतं. हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं. मॅडमनी कधी विषय काढला नाही. एवढंच कळलं की मधल्या सुट्टीतला फोन बंद झाला. मॅडमनी दोनदा करून पाहिला, तर तिनं उचलला नाही. ग्रुपवर पान मात्र रोज जात होतं. आता काही जण विचारायचे, मॅडम, हे नक्की तुमचंच ना, नाहीतर आमची अडचण होईल. त्याला त्या उत्तर देत नसत. खाली तेच शब्द असायचे, करून पाहा, बदलून घ्या.

यंदा मार्चमध्ये मी घरी आले तेव्हा आई म्हणाली, "माह्यं पान घेऊन येजो वो शाळेतून. भिंत सुनी दिसते." पानांची चळत त्या दिवसापासून शाळेच्या कपाटातच पडून होती.

शनिवार होता. शाळा सकाळची होऊन सुटलेली, आवारात कोणी नाही. गोदामाच्या दाराला वीट लावलेली होती. मी आत पाहिलं. मॅडम तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या, मुलींच्या जागी, गुडघे बाकाला टेकलेले. समोर फोन डस्टरला टेकवून उभा. ऑनलाइन प्रशिक्षण चाललं होतं. पान न्यायला आले, असं मी दारातूनच हळू सांगितलं, तर त्यांनी मान न वळवता हातानंच कपाट दाखवलं. मी चाहूल न करता आत गेले. चळतीतून आमचं पान शोधलं, कोपरा फाटलेलं.

फोनमधून आवाज आला आणि माझा हात थांबला. तो आवाज मला पाठ होता.

मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर लहानशा चौकटीत एक सडपातळ मुलगी बोलत होती. माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. वैशाली. आम्ही सगळ्यांनी मनात तिचा काहीतरी वेगळाच चेहरा केला होता. तिच्यामागे मोठी खिडकी होती, खिडकीत झाडाची फांदी हलत होती. मॅडमनीही तिला त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं असणार.

"आता एक पान दाखवते," ती म्हणाली, आणि पडदाभर पान उघडलं. तीच मांडणी, तीन प्रश्न, रिकामी चौकट. फक्त भेंडीच्या जागी मोहाचं झाड होतं आणि टोपलीवाल्या बाईच्या कपाळावर वेगळं गोंदण. द मोह इज नॉट टॉकिंग टू अस टुडे. तळाशी, हातानं लिहिलेलं, करून पाहा, बदलून घ्या.

मूळ पान माझ्या हातात होतं. मॅडमनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"आता बदललं," त्या हळूच म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, ते मला सांगता येणार नाही.

शेवटी हजेरी होती. मधूनच कोणी निघून जाऊ नये म्हणून ती शेवटी घेतात. गोंगाट होतो म्हणून सगळ्यांचे माइक तिकडूनच बंद केलेले होते, नाव आलं की फक्त लिहून कळवायचं. वैशाली एकेक नाव वाचत होती, भराभर, त्या कामात सगळ्यांचा आवाज होतो तसा सपाट आवाज. मग ती थांबली. तिनं कागद जवळ घेतला, परत लांब धरला.

"सुनंदा चाफले," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, खूप हळू, "ताई, आहात का?"

झरोक्यातलं ऊन तिसऱ्या बाकावरून केव्हाच सरकून भिंतीवर चढलं होतं. मॅडम फोनकडे वाकल्या.

"हाओ वो पोरी," त्या म्हणाल्या. "इथंच हाय मी."

पडद्यावर वैशाली वाट पाहत होती. तिच्यामागची फांदी हलत होती.

"ताई?" तिनं परत विचारलं.